कर्ण्यावरची प्रार्थना

त्या सोमवारी मी सावडीच्या माणसांचा स्वयंपाक केला आणि जेवायला माझा नवरा एल्झी आणि मी दोघंच होतो. मक्याच्या भाकरीच्या दोन पराती, घेवड्याचं मोठं पातेलं, खारवलेल्या मांसाचे तुकडे, चरवी भरून ताक. दुपारभर ते झाकून ठेवलं आणि संध्याकाळी डुकरांना घातलं. डुकरं खूश झाली. त्या आठवड्यात आमच्याकडे तेवढीच खूश होती.

आमच्या हेझल खोऱ्यात तंबाखू एकट्या घराला उरकत नाही. झाड बुडातून कोयत्यानं कापायचं, काठीच्या टोकाला लोखंडी सुळका बसवून एकेका काठीत पाच-सहा झाडं ओवायची, उन्हात मान टाकू द्यायची आणि मग गाडीनं कोठारात नेऊन आढ्यापर्यंत टांगायची. टांगताना आडव्या दांड्यांवर पाय फाकून माणसं उभी राहतात, एकाच्या डोक्यावर एक, आणि खालचा वरच्याच्या हातात काठी देतो. ओली काठी चालत्या पोराएवढी जड असते. म्हणून सगळं खोरं आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे असं फिरतं. त्यात पैशाचा संबंध नाही. आधीचा सबंध आठवडा एल्झी शेजारच्या हर्शेल प्रुइटच्या कोठारात सगळ्यात वरच्या दांडीवर उभा होता. आता सावड आमची होती.

सकाळी तो कुंपणाशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता.

"येतील," तो म्हणाला.

डोंगरावरून ऊन खाली उतरलं तेव्हा हर्शेलची गाडी आली. मागच्या हौद्यात चार माणसं बसलेली. आमच्या फाटकापाशी ती हळूसुद्धा झाली नाही. हर्शेलनं समोर बघितलं, मागच्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं, आणि धूळ आमच्या अंगावर बसली.

"इसरून फुडं गेला आसंल," मी म्हणाले. बाई काहीही बोलते अशा वेळी.

"वीस वर्सं ह्येच फाटक हाय," एल्झी म्हणाला. "कोयता दे."

का आले नाहीत, हे विचारायची गरज नव्हती.

गेल्या हिवाळ्यात शाळेला नवे हेडमास्तर आले होते, मिस्टर गार्लंड. वाईट माणूस म्हणणार नाही मी. पोरांना दुपारचं दूध त्यांनीच सुरू केलं. पण त्यांना यंत्रांची हौस भारी. चर्चमधून वर्गणी काढून त्यांनी शाळेत माइक बसवला, वर्गावर्गात आवाजाची एकेक पेटी, आणि छपरावर मोठा कर्णा, तोंड नदीकाठच्या शेतांकडे. रोज सकाळी घंटा झाली की कर्ण्यावर प्रार्थना. शेतातली माणसंसुद्धा कोयते खाली ठेवून उभी राहायची. शुक्रवारी मात्र मास्तर म्हणायचे नाहीत. त्या दिवशी सहावीतलं एक पोर म्हणायचं, छापील कागदावरून पाठ करून.

सरकारी शाळेनं प्रार्थना घ्यायची नाही, असा निकाल वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टानं दोन वर्षांमागंच दिला होता. तो निकाल आमच्या खोऱ्याकडे येताना वाटेत कुठंतरी चिखलात रुतला असावा. इथपर्यंत तो काही पोचला नाही.

शाळा सुरू होते न होते तोच लूलाची पाळी आली. लूला आमची एकुलती, अकरा वर्षांची. एल्झीनं तो कागद वाचला, घडी घालून तिच्या हातात परत दिला आणि सांगितलं, "ह्ये तू म्हणायचं न्हाई."

कुणाला वाटेल, माणूस देव न मानणारा. उलट देवाला त्याच्याएवढा भिऊन असणारा माणूस मी पाहिला नाही. आम्ही जुने बाप्टिस्ट. आमच्यात प्रार्थना लिहीत नाहीत, पाठ करत नाहीत आणि कुणाच्या हुकमानं म्हणत नाहीत. आतून आली तर म्हणायची. नाही आली तर गुडघ्यावर गप्प बसायचं. एल्झीच्या कुणा खापरपणज्याला व्हर्जिनियात सरकारी चर्चची प्रार्थना म्हणेना म्हणून तुरुंगात घातलं होतं. स्प्राउलांच्या घरात ही गोष्ट पोरांना दुधाबरोबर पाजतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही पाजली. मला ती कधी नीट पचली नाही, कारण मी माहेरची भित्री.

एल्झी शाळेत गेला. मीही गेले, दाराशी उभी राहिले.

"मिस्टर स्प्राउल, चार ओळी आहेत," मास्तर म्हणाले. "त्यात तुमच्या पंथाविरुद्ध एक शब्द दाखवा मला."

"शब्द चांगलेच हायती. पर म्हणायला लावणारं तुमी कोण? तुमचा पगार सरकार देतं. सरकारचा आन् देवाचा काय यवहार आसंल त्यो आसंल, मधी माझी पोरगी कशापायी उभी करताय?"

"सगळी मुलं म्हणतात."

"मग एक कमी पडली तर देवाला काय कळायचं न्हाई."

एल्झी विनोद करत नाही. तो हे अगदी सरळ मनानं म्हणाला. पण दिवस मावळायच्या आत खोरंभर झालं की एल्झी स्प्राउल म्हणतो, देवाला काही कळत नाही.

मास्तरांनी लूलाला वगळलं नाही. तिची पाळी झाल्याशिवाय पुढच्या पोराची पाळी नाही, असं त्यांनी ठरवलं. मग दर शुक्रवारी कर्ण्यावर तिचं नाव पुकारलं जायचं, "आजची प्रार्थना, लूला स्प्राउल," आणि त्यानंतर नुसती खरखर. ती खरखर नदीपर्यंत ऐकू यायची. माणसं कोयते खाली ठेवून ती खरखर ऐकत उभी राहायची आणि मग आमच्या शेताकडे बघायची. असे तीन शुक्रवार झाले होते.

तर त्या सोमवारी आम्ही दोघांनी कापायला सुरुवात केली. तो कापायचा, मी ओवायची. तंबाखू माझ्या डोक्याच्या वर गेलेली. पानांचा चीक हाताला लागून हात आधी पिवळे, मग काळे झाले, बोटं एकमेकांना चिकटायला लागली. सुळक्यावर झाड दाबताना हात निसटला तर तो लोखंडी सुळका तळव्यातून आरपार जातो. शेजारच्या खोऱ्यातल्या एका माणसाचं तसं झालेलं मी पाहिलंय. दुसऱ्या दिवशी दवात भिजलेली पानं अंगावर घासून मला तंबाखू लागली. डोकं गरगरलं, बांधावर बसून मी हिरवं पाणी ओकले. एल्झीनं माझं कपाळ धरलं. मग मी तोंड पुसून पुन्हा ओवायला लागले.

"दोघांनी हुईल का रं?" मी विचारलं.

"कापून हुईल."

"आन् टांगून?"

त्यानं पुढचं झाड कापलं. कापलेली तंबाखू शेतात राहिली आणि वर पाऊस पडला की ती कुजते, आणि उभी राहिली तर हिव पडून काळी पडते. एका माणसाच्या हातात आढ्यापर्यंत पोचेल एवढी लांबी देवानं दिलेली नाही. वर्षभराचं आमचं जे काही होतं, ते त्या शेतात मान टाकून उभं होतं.

लूला त्या दिवशी संध्याकाळी उशिरा आली. बुटांत खडे, पायमोजे फाटलेले.

"बसचं काय झालं?"

"डॉयल थांबत न्हाई आपल्या फाटकाशी. पुलापाशी सोडतुया." डॉयल म्हणजे हर्शेलचा थोरला, शाळेची बस तोच चालवायचा.

"आन् शाळेत?"

"प्रार्थनेच्या वक्ताला बाहीर उभी ऱ्हाते. भितीकडं तोंड करून."

"मास्तरनं सांगितलं तसं?"

"न्हाई. पोरंच सांगत्यात. मास्तर बघत न्हाईत." तिनं मान खाली घातली तेव्हा मला तिच्या वेणीत अडकलेला चिकट गोळा दिसला. तंबाखूचा चीक कुणीतरी केसांत चोळला होता. केरोसीननं तो काढायचा प्रयत्न केला, निघाला नाही, शेवटी कात्री घेतली. ती रडली नाही. मी मात्र चुलीकडे तोंड करून रडून घेतलं.

दोन दिवसांनी सकाळी मी दूध काढायला निघाले तेव्हा केरोसीनचाच वास आला. वाटलं, माझ्याच हाताला राहिलाय. मग कोठाराच्या दाराकडे लक्ष गेलं. दाराच्या कडीला चिंध्यांचा एक बोळा बांधला होता, नीट, दुहेरी गाठ मारून. बोळा निथळत होता. खाली मातीत काळं ओलं झालं होतं. पेटवलेला नव्हता. फक्त बांधून ठेवला होता.

माझ्या हातातली बादली केव्हा पडली कळलं नाही. एल्झी धावत आला. त्यानं गाठ सोडायचा प्रयत्न केला, बोटं चिकानं जाड झालेली, सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. मग ओढ्यावर जाऊन कितीतरी वेळ तोंड धुतलं.

"कोर्टात जा," मी म्हणाले. "तालुक्याचा वकील सोताहून आला हुता. फुकट लढतो म्हणला."

"भावानं भावाला कोर्टात वडू नये. देवाच्या पुस्तकात लिवलंय."

"भावानं भावाच्या दाराला चिंधी बांधावी आसं बी लिवलंय का?"

"हेस्टर."

"म्हण की. कुठल्या पानावर लिवलंय?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि माझा नवरा मधोमध मान ताठ करून उभा. वाकायचं नाही आणि भांडायचंही नाही. असल्या माणसाशी लग्न करणाऱ्या बाईनं दुसरं काळीज आणावं माहेराहून. मी एकच आणलं होतं आणि ते आता पाणी पाणी झालं होतं. कोठाराकडे बघितलं की मला ते भरलेलं दिसायचं, खाली जमिनीपासून वर आढ्यापर्यंत कोरडं पान, आणि एक काडी.

त्याच दिवशी दुपारी हर्शेल आला. एल्झी खाली नदीकाठच्या पट्टीत होता, मी विहिरीवर. हर्शेल आमच्याच चर्चचा. एल्झीच्या शेजारच्या बाकावर बसून म्हातारा झालेला माणूस. आमच्यात प्रार्थना कशी असते हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"हेस्टर बहिणी, बरी हाईस का?"

"बघताय की. सावडीच्या मानसास्नी जेवायला वाढून दमले."

तो ओशाळला. विहिरीच्या कठड्यावर बसला, पाणी मागितलं. मी दिलं. पाणी कुणालाही द्यावं.

"माझ्या पोराची बस हाय," तो म्हणाला. "शाळेच्या बोर्डानं दिलेली नोकरी. म्या तुमच्या शेतात आलो तर डॉयलच्या हातातलं चाक जाईल. ओळीनं समद्यांचं कायतरी हाय बोर्डाकडं. कुणाची पोरगी सैपाकघरात, कुणाचं दूध शाळेला."

"आन् चिंधी? ती पण बोर्डानं दिली?"

त्यानं भांडं खाली ठेवलं. "चिंधी म्या न्हाई बांधली. देवाची आण."

"मग कुणी?"

"म्या बांधली न्हाई," तो पुन्हा म्हणाला, आणि मला कळलं की कुणी बांधली हे त्याला माहीत आहे. त्यामुळे मी जास्तच भ्याले. हर्शेलसारखा माणूस नाव घ्यायला भितो म्हणजे ते नाव लहान नाही.

"उद्या शुक्रवार," तो म्हणाला. "पोरीला म्हणू दे. चार वळी. सकाळी तिनं म्हणलं की शनिवारी तुझ्या कोठारात मानसं मावायची न्हाईत बघ. ह्यो हर्शेलचा शबुद."

"एल्झी न्हाई ऐकायचा."

"एल्झीला कोण इच्यारतंय? पोर आईची बी आसतीय की."

तो गेला. मी बादल्या तशाच टाकून कठड्यावर बसले. तंबाखूचं शेत वाऱ्यात हलत होतं आणि त्यात एल्झीची पाठ मधूनच दिसायची, मधूनच बुडायची.

संध्याकाळी लूला कोंबड्या कोंडत होती. मी तिच्या मागं खुराड्यात गेले. वाकूनच उभं राहावं लागतं तिथं.

"तो कागद हाय का तुझ्यापाशी?"

"पाठ हाय मला. रोज ऐकती न्हवं का."

"मग उद्या म्हणून टाक."

तिनं कोंबडी छातीशी धरली होती. "डॅडी न्हाई म्हणलाय."

"मी म्हणती, म्हण."

तिनं कोंबडीची पिसं चापून बसवली. कोंबडी तेवढी कुरकुरत होती.

"ममा, मनात नसलं तर देवाला कळतं न्हवं?"

"कळतं."

"मग म्या म्हणायचं ते कुणाला?"

काय सांगणार होते मी? मी खरं ते सांगितलं. "हर्शेलला. आन् त्या बाकीच्यास्नी. त्यास्नी ऐकू जाईल आसं म्हण, म्हणजे झालं."

"बरं," ती म्हणाली. एवढ्या शहाण्यासारखी म्हणाली की मला तिच्या अंगावर ओरडावंसं वाटलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही शेवटच्या चार ओळी कापत होतो. शाळेची घंटा झाली. वरच्या शेतात, पलीकडच्या शेतात माणसं उभी राहिली. एल्झी थांबला नाही, वाकून कापत राहिला. दर शुक्रवारी तो तसाच कापत राहायचा. मी सुळक्यावर झाड धरून उभी होते. एका मनानं म्हणत होते, म्हण गं बाई. दुसऱ्या मनानं म्हणत होते, नको म्हणूस.

"आजची प्रार्थना," कर्णा म्हणाला. "लूला स्प्राउल."

खरखर. आणि मग तिचा आवाज आला. बारीक, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. सर्वसमर्थ परमेश्वरा, आम्ही तुझ्यावर अवलंबून आहोत हे आम्ही मान्य करतो, असं काहीतरी होतं ते. कुठंही अडखळली नाही. दुकानातला निरोप सांगावा तसं म्हणाली. आमेन झालं. पलीकडच्या शेतातून कुणीतरी टाळी वाजवली, प्रार्थनेला टाळी.

एल्झी सरळ उभा राहिला होता. कोयता हातात, तोंड शाळेकडे. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली आणि त्याला सगळं समजलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो पुन्हा वाकला आणि कापायला लागला. त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. रात्री जेवणाआधी आम्ही गुडघे टेकून बसतो, तेव्हा तो गप्प बसला, आणि ती गप्प बसण्याची प्रार्थना वाटत नव्हती. लूला दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

शनिवारी हर्शेलनं शब्द पाळला. पहिलं ऊन पडायच्या आत गाड्या आल्या. माणसं हसत उतरली. कुणी मला टरबूज दिलं, कुणी लूलाच्या डोक्यावर हात ठेवला, "काय पोरी, कर्णा गाजवलास." तिच्या कापलेल्या वेणीबद्दल कुणी काही विचारलं नाही. एल्झीनं सगळ्यांकडे बघून मान हलवली आणि आपल्या जागी गेला, सगळ्यात वर. टांगण्यात त्याचा हात खोऱ्यात नावाजलेला. त्याच्या खालच्या दांडीवर हर्शेल, त्याच्या खाली दोघं, आणि खाली गाडीवर मी आणि लूला काठ्या उचलून द्यायला.

काम चाललं. दुपारपर्यंत अर्धं कोठार भरलं. पानांची धूळ खाली पडायची, डोळ्यांत जायची. मला वाटायला लागलं, संपलं हे. मी चुकले असेन, पण संपलं. घाबरलेल्या माणसाला एवढंच हवं असतं.

जेवणं झाली आणि माणसं पुन्हा चढली. मी पहिली काठी दिली, ती एकेका हातातून वर गेली आणि हर्शेलच्या हातात थांबली.

"दे," वरून एल्झी म्हणाला.

हर्शेलनं काठी डोक्यावर धरलेली, पण एल्झीच्या हाताला टेकू देईना. "एल्झी, एक बोलायचं हाय. पोरगी म्हणाली, चांगलं झालं. पर मानसांच्या मनात अजून हाय. तू एकदा आमेन म्हण. समद्यांच्या म्होरं. इथंच, कोठारात. म्हणजे बोर्डाला सांगायला बरं, की मिटलं."

"हर्शेल भाऊ, काठी जड हाय. हात दुखतील. दे."

"आमेन म्हण आन् घे."

खालचे दोघंही थांबले. एकाच्या हातात पुढची काठी आली होती, तो ती तशीच धरून वर बघत होता. कुणी हसत नव्हतं. मला तेव्हा दिसलं ते असं. आमच्या कोठारातल्या दांड्या ठोकलेल्या नाहीत, नुसत्या खाचेत बसवलेल्या. हर्शेलचा एक हात काठीला होता आणि दुसरा, तोल सावरायला, एल्झी उभा होता त्या दांडीला. ती दांडी त्याच्या मुठीत होती. एवढ्या उंचीवरून पडलेला माणूस मी बघितला होता. त्याच्या बायकोला नंतर त्याचं तोंड दाखवलं नव्हतं.

"हर्शेल," कुणीतरी खालून म्हणालं, "उरक की. हात भरून आलं."

"त्याच्या हातात हाय उरकणं."

दांडी हलली. हर्शेलनं हलवली की त्याचा हात थरथरला, हे मला आजही सांगता येणार नाही. धूळ पडली. एल्झीनं वरचं आढं धरलं. लूलानं माझा झगा मुठीत धरला. मला ओरडायचं होतं, 'म्हण रे, एक शब्द आहे, म्हण आणि खाली ये.' माझ्या तोंडातून आवाज आला नाही. तेवढ्यापुरती देवाची कृपा म्हणायची.

"तुझ्या शेजारी बसून म्या वीस वर्सं आमेन म्हणलोय," एल्झी म्हणाला. आवाज साधा, हवापाण्याचं बोलावं तसा. "कवा कुणी म्हणायला लावलं न्हवतं. तुला लावलं हुतं का कुणी?"

हर्शेलनं खाली माणसांकडे बघितलं.

मग एल्झी उतरायला लागला. कोठारात उतरायला दुसरी वाट नसते. ज्या माणसांनी काठ्या वर द्यायच्या, त्यांच्याच अंगाला अंग घासून, त्यांच्या पायांमधून पाय टाकून खाली यावं लागतं. हर्शेलच्या दांडीवर त्याचा पाय हर्शेलच्या बुटाशेजारी पडला. दोघांची तोंडं एकमेकांपासून विताच्या अंतरावर. हर्शेलनं अंग चोरलं आणि वाट दिली. खालच्यांनीही दिली. कुणाचं धाडस झालं नाही की कुणाची इच्छा नव्हती, माणसाच्या पोटातलं कोण सांगणार?

खाली येऊन एल्झी म्हणाला, "सावड फिटली. घरी जावा."

हर्शेलनं हातातली काठी सोडून दिली. ती सगळ्या दांड्यांवर आपटत खाली आली आणि पानं फाटून विखुरली. मग माणसं उतरली, एकेक करून, कुणाकडे न बघता. टरबूज तसंच ओट्यावर राहिलं. गाड्या फाटकाबाहेर गेल्या, पण पुढं गेल्या नाहीत. रस्त्याच्या पलीकडे दोन्ही उभ्या राहिल्या, इंजिन चालू.

"ते जात का न्हाईत?" लूलानं विचारलं.

कोठार अर्धं भरलेलं, अर्धी तंबाखू गाडीवर आणि शेतात, आणि पश्चिमेला आभाळ भरून आलेलं. एल्झीनं हात विजारीला पुसले आणि पुन्हा चढायला लागला, सगळ्यात वर. तिथं जाऊन पाय फाकून उभा राहिला आणि खाली हात केला. त्याच्या हाताच्या आणि आमच्या हातांच्या मध्ये तीन रिकाम्या दांड्या होत्या.

आमच्या खोऱ्यात बाई दांडीवर चढत नाही. बाईनं हिवाळ्यात पानं सोडवायची, टांगायचं पुरुषांनी. मला तर शिडीची दुसरी पायरीसुद्धा सोसत नाही. मी झगा गुडघ्यांच्या मध्ये ओढून कमरेला खोचला आणि पहिल्या दांडीला हात घातला. चिकानं हात दांडीला चिकटत होते, ते एक बरं होतं. दुसऱ्या दांडीवर पोचले. फळ्यांच्या फटीतून रस्त्यावरच्या गाड्या दिसल्या. एकजण खाली उतरून बॉनेटला टेकून उभा होता, आमच्याकडे तोंड करून. माझा पाय तिथंच थिजला. पाय फाकून टेकायची समोरची दांडी हातभर लांब होती आणि मध्ये नुसती पोकळी.

"डावा पाय टाक," वरून एल्झी म्हणाला. "खाली बघू नगंस. माज्याकडं बघ."

शुक्रवारपासून तो माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. मी पाय टाकला. गाडीवर उभं राहून लूलानं काठी उचलली, तिला ती डोक्यावर नेताना कण्हायला झालं, पण तिनं ती नेली. तो एक दांडी खाली आला, मी वाकून काठी घेतली, वर केली. हात खांद्यातून निखळतोय असं वाटलं. त्यानं काठी घेतली, टांगली आणि पुन्हा हात खाली केला. मी भ्याले होते, अंगभर भ्याले होते, आणि गाड्या अजून तिथंच होत्या.

"लूला," मी म्हणाले, "दुसरी दे."